खंड्याची तार : शेतावरच्या कुत्र्यासाठी विजेचं कुंपण घ्यावं का?

मी जनावरांचा डॉक्टर. माझा निम्मा दिवस गाई-म्हशींत जातो आणि उरलेला कुत्र्या-मांजरांत. गेल्या काही वर्षांत पुण्याहून शेतावर राहायला येणाऱ्यांची संख्या वाढली, तसा एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो : कुत्रा पळतो, विजेचं कुंपण घालू का? त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. हेच प्रकरण निवडलं, कारण त्यातली पहिली चूक माझी आहे.

पार्श्वभूमी

जुन्नर तालुक्यातलं कालव्याच्या पाण्यावरचं गाव. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन दोघं अडीच एकरांच्या तुकड्यावर राहायला आले. मध्ये घर, मागे आंब्याची ४० झाडं, पुढे थोडा भाजीपाला. तीन बाजूंना लोकांचा ऊस. चौथ्या बाजूला गाडीवाट आणि वाटेपलीकडे तात्यांचं घर. तात्यांच्या १४ शेळ्या, कोंबड्या, एक नातू.

या भागात ऊस म्हटला की बिबट्या आलाच. उसात त्याला आडोसा मिळतो, मादी तिथेच पिल्लं घालते, आणि खायला वस्तीवरची जनावरं असतात. त्यात कुत्रा फार वरच्या क्रमांकावर. डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला होता. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा त्याहून बराच कमी. गावातल्या कोणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, त्याला अभ्यास कशाला पाहिजे? रात्री कुत्रं बाहेर राहिलं की सकाळी नुसता पट्टा सापडतो.

खंड्या काकूंना पहिल्याच पावसाळ्यात कालव्याच्या कडेला सापडला. आई गावठी असावी, बाप मात्र कोणाचा तरी कारवान, म्हणजे शिकारी जातीचा कुत्रा. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. असा कुत्रा आधी बघतो, मग पळतो, आणि विचार करायचा असला तर परत आल्यावर करतो. पहिलं वर्ष तो दिवसा मोकळा आणि रात्री ग्रिलच्या ओसरीत, असं ठीक चाललं होतं.

अडचण

दुसऱ्या वर्षी गणपती गेले आणि खंड्या बाहेर राहायला लागला. आधी तासभर, मग अर्धा दिवस. एकदा चार दिवस गायब होता, तो फाटका कान घेऊन आला. त्याच सुमारास तात्यांच्या तीन कोंबड्या गेल्या. काकांनी पैसे दिले, तात्यांनी घेतले, पण बोलणं कमी झालं.

भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दीड वर्षाचा, खच्चीकरण न केलेला नर भाद्रपदात घर सोडतो, याचा अर्थ लावायला डॉक्टरही लागत नाही. तरी तो प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. सगळ्यांचं लक्ष कुंपणाकडे होतं.

काकांनी पंधरा दिवस साखळी लावून पाहिली. खुंटीभोवती मातीत गोल चर पडला, रात्रभर भुंकणं आणि सकाळी घसा बसलेला. काकूंनीच ती सोडली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा मानतो, आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही. काकूंना हे कलम ठाऊक नव्हतं. त्यांना ते बघवलं नाही, एवढंच.

दिवाळीला अमेरिकेतला मुलगा येणार होता. तो राहतो त्या वसाहतीत घरांपुढच्या हिरवळीला कुंपण घालायला परवानगी नाही, म्हणून शेजारच्या बऱ्याच कुत्र्यांना जमिनीत पुरलेल्या तारेचं कुंपण आहे. त्याने फोनवर हे सुचवलं आणि काकांनी मला विचारलं. मी एका अडलेल्या म्हशीपाशी होतो, फोन गड्याने माझ्या कानाशी धरलेला. मी म्हटलं, "बघा वापरून, झटका काही फार नसतो." संभाषण एका मिनिटात संपलं.

झटका फार नसतो हे खरं होतं. पण ते सोडून मी काहीच विचारलं नव्हतं.

तार पुरली तेव्हा

हे यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे 'विजेचं कुंपण' म्हटलं की डोळ्यांपुढे शेताभोवतीच्या उघड्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन येतं. ते वेगळं, हे वेगळं. यात घरात एक डबा असतो. त्यातून निघालेली तार आवाराला वळसा घालून डब्यातच परत येते. तारेला हात लावला तर काहीही होत नाही, कारण तिच्यातून फक्त हलक्या रेडिओ लहरी जातात. झटका असतो तो कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात. कुत्रा तारेच्या जवळ आला की पट्टा आधी बीप करतो, आणखी पुढे गेला की पट्ट्याचे दोन धातूचे खिळे मानेच्या कातडीला झटका देतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रिचर्ड पेक यांना तिचं पेटंट १९७३ साली मिळालं.

मुलाकडे आठ दिवस होते. गड्याने कुदळीने चर मारून सुमारे २५० मीटर तार पुरली, घराभोवतीचा साधारण एकर आत घेतला. तारेच्या आतल्या बाजूने पांढऱ्या झेंड्या लागल्या. हे झेंडे कुत्र्याला शिकवण्यासाठी असतात. आधी पट्टा फक्त बीपवर ठेवायचा, कुत्र्याला दोरीने झेंडीपर्यंत न्यायचं, बीप झाली की स्वतः मागे वळायचं आणि तोंडात खाऊ द्यायचा. रोज दोन-तीनदा, थोडा थोडा वेळ. 'बीप म्हणजे घराकडे वळ' हे अंगात मुरल्यावरच झटका चालू करायचा. माहितीपत्रकात दोन आठवडे आणि गरज पडल्यास जास्त, असं लिहिलेलं होतं. इथे चार दिवस मिळाले, त्यात एक भाऊबीज.

पाचव्या दिवशी झटका चालू केला. खंड्या किंचाळून घरात पळाला, पलंगाखाली जाऊन बसला. मुलगा म्हणाला, एकदाच होतं असं. आणि त्यानंतरचे तीन आठवडे खरोखर छान गेले, हे नोंदवलं पाहिजे. साखळी नाही, पळणं नाही, तात्यांकडून तक्रार नाही. तो झेंड्यांच्या दहा-बारा फूट आत बसून राही. काकूंनी मला फोटो पाठवला होता. आता तो पुन्हा पाहिला की त्याचे मागे पाडलेले कान आणि पोटाखाली घेतलेली शेपटी दिसते. तेव्हा मी अंगठा दाखवून मोकळा झालो.

डिसेंबरची संध्याकाळ

मला बोलावणं आलं ते खंड्यासाठी नव्हे, तात्यांच्या करडासाठी.

पश्चिमेच्या फडात ऊसतोड सुरू होती. तोडलेल्या रानात वाढं पडलेलं, ते खायला तात्यांच्या शेळ्या सोडल्या होत्या. एक करडू उड्या मारत तारेच्या बाजूला आलं. खंड्या बसल्या जागेवरून सुटला. बीप, झटका, किंकाळी, आणि तो पार. तारेजवळची झटक्याची जागा काही फुटांचीच असते. कारवानच्या रक्ताचा कुत्रा ती श्वास घ्यायच्या आत ओलांडतो. करडाच्या मागच्या मांडीचा लचका गेला. मी टाके घातले, पण तिसऱ्या दिवशी ते गेलं.

टाके घालून उठलो तर वाटेपलीकडे निराळंच चाललेलं. खंड्या तोडलेल्या रानात उभा, घराकडे तोंड करून कण्हतोय. काका हाका मारतायत. काकू दूधभाकरीची ताटली घेऊन झेंडीपाशी बसलेल्या. तो दोन पावलं पुढे येई आणि थबके. आत येताना तीच तार, तोच झटका. बाहेर जाताना समोर करडू होतं, त्या ओढीने तो पार झाला. आत यायला तेवढी ओढ नव्हती.

काकांनी घरात जाऊन डबा बंद केला. काही फरक पडला नाही. तार बंद झाल्याचं खंड्याला कोण सांगणार? त्याची भीती त्या जागेची होती. सव्वासहा वाजले, डिसेंबरचा अंधार पडायला लागला, आणि आदल्याच आठवड्यात याच फडात तोडणी कामगारांना बिबट्याची पिल्लं दिसली होती. शेवटी मी गाडी वाटेवर घेतली आणि दार उघडलं. तो मागच्या सीटवर चढला. गेटातून आत जाताना सीटवरच मुतला.

तपासणीत काय दिसलं

दुसऱ्या दिवशी सकाळी सवडीने गेलो. मानेवर खिळ्यांच्या जागी दोन चिघळलेल्या जखमा होत्या. लोक याला 'करंटने भाजलं' म्हणतात, पण बहुतेक वेळा ते भाजणं नसतं. खिळे कातडीला टेकलेच पाहिजेत म्हणून पट्टा घट्ट लागतो. तो दिवसातून बारा तासांच्या आत काढायचा असतो, रोज मान बघायची असते. इथे तो दीड महिना गळ्यातच होता. ओल, दाब आणि गोचिड्या, सगळं एकाच जागी.

जखमा आठवड्यात बऱ्या होतात. दुसऱ्या दोन गोष्टींनी मला जास्त अस्वस्थ केलं. मी बसलो असताना लाइट गेली, इन्व्हर्टरने बीप दिली, आणि खंड्या थरथरत मोरीत जाऊन बसला. काकू म्हणाल्या, रोजचं आहे, दिवसातून दोन-तीनदा. भारनियमनाचं वेळापत्रक त्या बिचाऱ्याच्या अंगावर काढलं जात होतं, आणि त्याचा तारेशी संबंध कोणाच्या लक्षात आला नव्हता.

दुसरी गोष्ट तात्यांच्या नातवाची. तार वाटेच्या बाजूला अगदी कडेने, वाटेपासून जेमतेम दोन मीटर आत पुरलेली. नातू रोज सकाळी शाळेला त्याच वाटेने जाई. पूर्वी खंड्या शेपटी हलवत त्याच्याकडे धावायचा. आता पोरगा दिसला की गुरगुरायचा. झटका बसला त्या क्षणी समोर जे दिसतं, त्यालाच कुत्रा दुखण्याचं कारण समजतो. तार त्याला दिसत नाही. पोरगा दिसतो. करडाचे पैसे देता येतात. पोराला चावला असता तर काय?

समोर कोणते पर्याय होते

त्या ओट्यावर तिघांची तीन मतं होती.

काकूंना तार ठेवायची होती, पण नीट शिकवून. साखळीची सय त्यांच्या मनातून जात नव्हती. हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. शांत स्वभावाचा, शिकार न करणारा कुत्रा असेल, शिकवायला महिनाभर हातात असेल, पट्टा रोज काढला जात असेल, तर ही यंत्रं काम करतात. मी तशी दोन घरं पाहिली आहेत. वेल्समध्ये मात्र २०१० पासून कुत्र्या-मांजराला झटक्याचा पट्टा घालणं हा गुन्हा आहे, आणि त्यातून हे कुंपणाचे पट्टेही सुटलेले नाहीत. म्हणजे जाणत्या लोकांतही यावर एकमत नाही. माझ्यापुढचा प्रश्न सोपा होता : एकदा इतका घाबरलेला कुत्रा त्याच तारेवर पुन्हा शिकवायचा का? माझं उत्तर नाही असं होतं. आणि उत्तम शिकवला तरी एक गोष्ट राहतेच. ही तार कुत्र्याला आत ठेवते, बाहेरच्या कोणाला अडवत नाही. बिबट्याच्या गळ्यात पट्टा नाही. भटक्या कुत्र्यांच्या टोळीच्याही नाही. ते बिनदिक्कत आत येतात, आणि आतल्या कुत्र्याला पळून जायची वाट मात्र बंद असते. अमेरिकेतल्या त्या हिरवळीवर हा धोका थोडा असेल. उसाच्या फडात तोच मुख्य आहे.

काकांचं मन झटका मशीनवर गेलं होतं. उत्तरेच्या शेजाऱ्याने रानडुकरांसाठी ते लावलेलंच होतं. मशीन, बॅटरी, तारा मिळून पंधरा-वीस हजारांत काम होतं. हे यंत्र तारेत सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका छोटा, म्हणून चटका बसतो पण जीव जात नाही. इथे काकांना एक गोष्ट दोनदा बजावली : मशीन नसताना घरच्या मीटरवरून किंवा खांबावरून थेट तार जोडणं म्हणजे फास. दरवर्षी डुकरांसाठी लावलेल्या अशा तारेने माणसं मरतात आणि लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. चांगल्या मशीनचा एक फायदा मी मान्य केला. तार दिसते. कुत्रा एकदा नाकाने हुंगतो, चटका खातो आणि तारेपासून लांब राहतो. पोराला, शेळीला दोष देत नाही. पण पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की ठोका मातीत जातो, दर आठवड्याला गवत कापायला माणूस हवा. वाटेच्या कडेने नातू जाणार. आणि झटक्याला आधीच बिथरलेल्या कुत्र्यापुढे पुन्हा झटकाच ठेवायचा.

मुलाने अमेरिकेतून जीपीएसचा पट्टा सुचवला. त्यात तार नसते, फोनवर नकाशात हद्द आखायची. पण अशा पट्ट्याची जागा काही मीटर इकडेतिकडे सरकते. मोठ्या माळरानावर ते चालून जातं. इथे एकरभर आवार आणि कडेला पोराची वाट. शिवाय झटका तोच. हा विषय पाच मिनिटांत संपला.

खंड्या कोणाला तरी देऊन टाकावा, असंही तात्या एकदा म्हणाले. काकू उठून आत गेल्या.

माझं मत जाळीचं होतं. पूर्ण अडीच एकराला नव्हे, घराभोवती फक्त ३० बाय २५ मीटरला. काकांचा आक्षेप पैशांचा होता आणि तो रास्त होता. ११० मीटर जाळी, अँगल, काँक्रीट, गेट मिळून अंदाज ९० हजारांच्या पुढे गेला. "झटका मशीनच्या पाचपट," ते म्हणाले. त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

निर्णय कसा झाला

तात्या इतका वेळ तंबाखू मळत बसले होते. त्यांचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. टेबलावर पडलेला तो पट्टा त्यांनी उचलला, खिळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डाक्टर, आमच्या वाड्यावरच्या कुत्र्याच्या पट्ट्याला काटं भायेर असत्यात. वाघरानं नरडं धरलं तर त्येच्या तोंडात घुसाया. ह्येचं काटं तर आत हायेत."

कोणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "जाळीचा माणूस कोण आहे तुमच्या ओळखीचा?"

तात्यांचं बोलणं लागलं, पण खर्चाचा हिशेबही त्याच बैठकीत नीट झाला, म्हणून निर्णय टिकला. कोंबड्या, करडू, पट्ट्याचं यंत्र, माझी फी धरून चार महिन्यांत काकांचे ४० हजारांवर गेले होते. बिबट्याने शेळी मारली तर वनखातं पंचनामा करून भरपाई देतं. कुत्र्याने मारली तर मालकाचा खिसा.

काय केलं

पट्टा त्याच दिवशी काढला, डबा बंद केला, झेंड्या उपटल्या. जाळी लागेपर्यंतचे तीन आठवडे खंड्या दिवसा लांब दोरीवर आणि रात्री ओसरीत राहिला. जानेवारीत त्याचं खच्चीकरण केलं. मी काकांना सांगून ठेवलं होतं की हे बटण नाही. शरीरातला अंमल उतरायला काही आठवडे लागतात आणि शिकारीची ओढ त्याने जात नाही, भाद्रपदातलं भटकणं कमी होतं.

जाळी पाच फुटी. खाली फूटभर जाळी आतल्या बाजूला आडवी वळवून मातीत दाबली, कारण उकरणारा कुत्रा नेमका जाळीच्या बुडाशी उकरतो. पाच फुटांची जाळी बिबट्याला काहीच नाही, त्यामुळे रात्रीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला. घराच्या भिंतीला लागून सहा बाय आठचं खोपटं, चारही बाजूंनी जाड वेल्डेड जाळी, वर पत्रा, बाहेरून कडी. दिवे लागायच्या आत खंड्या त्यात. यात काकूंनी एक दिवसही ढिलाई केली नाही.

सकाळी सहाला काका त्याला लांब दोरीवर कालव्यापर्यंत नेऊ लागले. पळायला जन्मलेल्या कुत्र्याला ३० मीटरची जाळी पुरत नाही. हा व्यायाम नसता तर त्याने जाळीच्या कडेनेही तसाच चर पाडला असता.

बीपच्या भीतीसाठी फोनवर तोच आवाज अगदी बारीक लावायचा आणि सोबत उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, असं ठरवलं. आवाज वाढवायचा तो दर आठवड्याला थोडा. इन्व्हर्टर काकांनी मधल्या काळात मागच्या खोलीत हलवला. नातवाला सांगितलं, शाळेला जाताना जाळीतून भाकरीचा तुकडा टाकायचा, थांबायचं नाही, हात घालायचा नाही. पोराने ते काम फार मनावर घेतलं. त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे भाकरी जास्त लागायला लागली.

चौदा महिन्यांनी

या काळात खंड्या एकदाच बाहेर गेला. जुलैत गेटखालची माती पावसाने वाहून गेली, तिथून. तात्यांच्या दारात जाऊन बसला, कोणाला त्रास दिला नाही. गेटखाली शहाबादी फरशी टाकली. पुढचा भाद्रपद शांत गेला. कालव्याकडे दोरीला हिसके द्यायचा, पण जेवण सोडलं नाही.

नातवावरचं गुरगुरणं दीड-दोन महिन्यांत थांबलं. इन्व्हर्टरची बीप सोपी गेली नाही. पाच महिन्यांनी तो थरथरायचा थांबला, पण अजूनही बीप झाली की उठून जागा बदलतो. फिरायला निघाला की जिथे पांढऱ्या झेंड्या होत्या तिथे पाऊलभर थांबतो आणि मग दोरी ताणून झटकन पुढे जातो. तार तिथे राहिलेलीच नाही. कांद्याची सरी काढताना ती नांगराला गुंडाळून वर आली आणि काकांनी वालाचे वेल बांधायला वापरली.

फेब्रुवारीत एका पहाटे खोपट्याभोवती ठसे मिळाले, जाळीवर आणि पत्र्याच्या कडेला चिखल. काकू रात्री खंड्याचं भुंकणं ऐकून उठल्या होत्या, दिवा लावला होता. बिबट्या किती वेळ होता, कुठून आला, कोण सांगणार? खंड्या आत होता, पत्र्याखाली.

तात्या पुन्हा ओट्यावर येतात. करडाचा विषय मात्र अधूनमधून निघतो, मुख्यतः काकांनी चहा द्यायला उशीर केला की.

आता वेगळं काय केलं असतं

पहिलं माझंच. फोनवर मी दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या : कधीपासून पळतो, आणि पळून कुठे जातो? 'गणपतीनंतर' हे एक उत्तर ऐकलं असतं तर मी तारेआधी खच्चीकरणाचं बोललो असतो. त्याने कोंबड्या वाचल्या नसत्या, पण चार-चार दिवसांच्या फेऱ्या थांबल्या असत्या, आणि घाईने तार पुरायचं कारण निम्मं उरलं असतं. आता मी कुंपणाचा सल्ला फोनवर देत नाही. जागेवर जातो आणि आधी वाट कुठे आहे, पाणी कुठे आहे, शेजाऱ्याचा गोठा कुठे आहे ते बघतो.

तार घ्यायचीच होती तर आठ दिवसांच्या सुट्टीत लावायला नको होती. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. आई-वडिलांसाठी काहीतरी करून जावं, असं परदेशातल्या मुलांना फार वाटतं आणि सुट्टी मोजकी असते. पण यंत्र लावणारा निघून गेला, आणि शिकवण्याचं खरं काम ज्यांच्या अंगावर पडलं त्यांना ते काम आहे हेच माहीत नव्हतं. निदान तार वाटेपासून दहा मीटर आत पुरली असती तर नातवाची गोष्ट घडली नसती.

तो फोटोही माझ्या मनातून जात नाही. 'पळत नाही' म्हणजे 'बरा आहे' असं आम्ही सगळ्यांनी धरलं. झेंडीपासून बारा फुटांवर कान पाडून बसलेला कुत्रा आणि ओसरीत पसरलेला कुत्रा, दोघंही पळत नाहीत.

जाळीबद्दल मात्र मला अजून थोडी शंका आहे. काकांना ९० हजार झेपले, सगळ्यांना झेपत नाहीत. नुसत्या खोपट्याला आणि दोरीवरच्या फेऱ्यांना त्याच्या पाचव्या हिश्शाइतका खर्च आला असता, आणि खच्चीकरणासह कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. गावातल्या दुसऱ्या एका घरी सध्या तेच करून पाहतोय.

काका परवा फोनवर विचारत होते, आंब्याच्या बागेलाही जाळी मारून घेऊ का, म्हणजे खंड्याला पळायला जागा होईल. मी म्हटलं, आधी गेटची कडी बदला. ती तो नाकाने उचलायला शिकलाय, मी गेल्या आठवड्यात पाहिलं.